गिटार ‘सेटअप’ला नेतो म्हणणारा भेटला तर आधी हे वाचा

एका ठगाने मला आणि आमच्या गिटार वाजवणाऱ्या ग्रुपला फसवलं. आधी आकडे सांगून टाकतो. माद्रिदहून येणार म्हटलेल्या गिटारीचा 45,000 ॲडव्हान्स, 18,500 ‘पॅकिंग आणि कुरिअर’, 27,350 ‘कस्टम’. झाले 90,850. वर माझी स्वतःची गिटार गेली, 2019 मध्ये 38,000 ला घेतलेली. एकूण 1,28,850 रुपये. ग्रुपमधल्या आणखी दोघांच्या गिटारी गेल्या त्या वेगळ्या. त्यातल्या एकाने 22,000 ॲडव्हान्सही दिलाय आणि घरी अजून तोंड उघडलेलं नाही, म्हणून मीच लिहितोय.

जळगावात फ्लामेंको, म्हणजे स्पेनकडचं गिटारीचं संगीत, वाजवणारे असे किती असणार? आम्ही पाच-सहा डोकी. एक बँकेत, एक केळीचा व्यापारी, एक पॉलिटेक्निकला शिकवणारे सर. शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे वरच्या खोलीत बसतो. इथे कुणी शिकवणारा नाही, चांगलं वाद्य हाताळून बघायलाही मिळत नाही. म्हणून आमच्यात पहिल्यापासून रीत आहे: ज्याच्याकडे बरी गिटार, ती सगळ्यांनी वाजवायची, आठवडाभर घरी न्यायची. लिहून-बिहून काही नाही. त्या ठगाने बरोबर हीच फट हेरली.

माणूस नाशिकचा म्हणून सांगायचा, कामानिमित्त भुसावळला येणं-जाणं. पहिल्यांदा आला तो सायप्रस लाकडाची अस्सल ब्लांका, म्हणजे फिकट लाकडाची फ्लामेंको गिटार घेऊन. इतकी हलकी, की उचलताना हात वरच जातो. सोलेआ या फ्लामेंको प्रकाराचं बारा मात्रांचं आवर्तन टाळ्यांवर धरायचा आणि 3, 6, 8, 10, 12 वरचे आघात एकदाही चुकला नाही. स्पेनचा मोठा गिटारवादक पाको दे लुसिया याने पेरूमधला काहोन, म्हणजे बसून वाजवायचा लाकडी खोका, फ्लामेंकोत कसा आणला, हे असं सांगायचा की सर वही काढून बसले. जो म्हणेल ‘तुला कळलं कसं नाही’, त्याने आधी बुलेरियास हा जलद लयीचा प्रकार टाळीवर धरून दाखवावा, मग बोलावं. अडाणी ठगाला आम्ही दारातूनच परत पाठवलं असतं. याला सगळं येत होतं. सुरुवातीला तारांचे सेट आणून दिले, भाव चोख, बिलासकट. पुढे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

मग एप्रिल आला. इथला उन्हाळा तुम्ही जाणता, पारा 43-44 वर आणि हवा ठणठणीत कोरडी. अस्सल लाकडाची गिटार अशा हवेत आकसते, स्प्रूस लाकडाच्या पुढच्या फळीला तडा जातो. आम्ही साबणाच्या डबीला भोकं पाडून, आत ओला स्पंज घालून ती केसमध्ये ठेवतो. ते बघून हा म्हणाला, “दादा, डबीवर किती दिवस काढाल? पुण्याला माझा माणूस आहे, फ्रेट घासून, सेटअप करून जूनला आणून देतो.” फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्या, आणि सेटअप म्हणजे तारांची उंची वगैरे नीट बसवणं. कारण खरं होतं हो! म्हणून तर गळी उतरलं. तीन गिटारी त्याच्या गाडीत आम्हीच उचलून ठेवल्या. गिटार देताना निदान साध्या कागदावर सही घ्या. मैत्रीत कसं मागायचं, असं वाटत असेल तर देऊच नका.

त्याच महिन्यात फोटो आला. माद्रिदहून सेकंड हँड, ‘ताब्लाओत वीस वर्षं वाजलेली’ गिटार. ताब्लाओ म्हणजे फ्लामेंकोचे कार्यक्रम होतात ती जागा. सव्वा लाखाची वस्तू नव्वदीत. फोटो मी मोठा करून बघितला. आवाजाच्या भोकातून लेबल दिसत होतं, खुंट्या जुन्या वळणाच्या. पण भोकाखाली, जिथे बोटाने ठोके पडतात, तिथे गोल्पेआदोरची पारदर्शक पट्टीच नव्हती. आणि लाकूड कोरं करकरीत. वीस वर्षं ताब्लाओत रास्गेआदो, म्हणजे नखांनी तारा झोडपणं, सोसलेल्या गिटारीवर नखाचा एक ओरखडा नाही? पट्टीशिवाय वाजवली असती तर तिथे खड्डे पडले असते. पट्टी काढून टाकली म्हणावं, तर तिचा डाग राहतो. हे मला दिसलं. दिसलं आणि मी ग्रुपवर काय लिहिलं? ‘काय जपलीय राव!’ तो मेसेज अजून फोनमध्ये आहे. रात्री बारा-एकला उघडून वाचतो आणि स्वतःला शिव्या घालतो. दहा वर्षं याच वाद्यात घालवलेला माणूस मी. पण आधीच्या सगळ्या व्यवहारात तो पैशापैशाला खरा निघाला होता, तेव्हा शंका कुणावर घ्यायची?

कस्टमचे 27,350 एका बाईच्या नावाच्या यूपीआयवर मागितले, ‘एजंट आहे’ म्हणून. कस्टम ड्युटी कुणाच्या खासगी यूपीआयवर जात नसते, पाठ करून ठेवा. आणि ट्रॅकिंगची लिंक त्याने पाठवलेली उघडू नका, नंबर कुरिअरच्या स्वतःच्या साइटवर टाकून बघा. मी टाकला तेव्हा असा नंबरच नव्हता. तोवर पैसे गेले होते, फोन बंद होता.

आता साहेब लोकांचं ऐका. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदली, नंबर मिळाला. स्टेटस आजही ‘प्रक्रियेत’. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे ऑनलाइन पैसे गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणे माणूस तुमच्या घरी येऊन चहा पिऊन गेला, हे ऑनलाइन कसलं, ठाण्यात जा. परत ठाण्यात. तिथे विचारलं, “गिटार तुम्हीच हातानं दिली ना? मग चोरी कशी?” अहो साहेब, चोरी म्हणतंय कोण? विश्वासाने दिलेली वस्तू हडपली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 316 आहे, फसवणुकीला 318 आहे. हे मी सांगायचं? मग म्हणे तो नाशिकचा, तिकडे तक्रार करा. शून्य नंबरने गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो म्हटल्यावर साहेबांचा चेहराच बदलला. “फार शिकलेले दिसता, मग फसलात कसे?” बाकावर बसलेले दोघं हसले. बँकेत गेलो तर मॅनेजर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, पिन तुम्हीच टाकलाय. शेवटी अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र का-कू. पोच घेतल्याशिवाय उठू नका. पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासात 1930 लावा. मी ‘फोन लागेल, लागेल’ करत दोन दिवस घालवले, तेवढ्यात खातं रिकामं.

घरी आई एवढंच म्हणाली, “काय रे भाऊ, पैसा झाडले लागतस का?” बायको काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

धुळे, नंदुरबार, नाशिक, मालेगावकडे वाजवणारे असतील त्यांनी लक्षात ठेवा. माझी गिटार ब्लांका आहे, मागची बाजू आणि कडा सायप्रसच्या, पिवळसर. स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, 650 मिलिमीटर. गोल्पेआदोरचा खालचा कोपरा उचकटलेला, तो मी फेविक्विकने चिकटवलाय आणि तिथे पांढुरका डाग पडलाय. नेकच्या मागे, पाचव्या फ्रेटच्या मागच्या बाजूला, सेहियाचा, म्हणजे तारा दाबून धरणाऱ्या कॅपोचा, स्क्रू रुतून पडलेली बारीक खाच आहे. सरांच्या गिटारीची सहावी खुंटी बदललेली, बाकीच्या पाचांशी रंग जुळत नाही. कुणी विकायला आणली तर बिल मागा, या खुणा बघा, फोटो काढा आणि पैसे देऊ नका.