ज्युलेप की स्मॅश? प्रश्न बर्फाचा आहे

मे जवळ आला की ओळखीतल्या दोघातिघांचा तरी फोन येतोच. घरी बर्बनची, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीची, बाटली आहे, कुंडीत पुदिना माजलाय, मग कॉकटेल कोणतं, मिंट ज्युलेप करू की व्हिस्की स्मॅश? मी अमेरिकेत, केंटकी राज्यातल्या लुईव्हिलमध्ये राहतो (इथली माणसं निम्मी अक्षरं गिळून ‘लूव्हल’ म्हणतात), त्यामुळे याबाबतीत मला मत असणारच असं सगळे धरून चालतात. मत आहे. पण ते व्हायला चार उन्हाळे गेले, आणि ते चवीवरून झालेलं नाही.

दोन्हींत माल जवळपास तोच: बर्बन, पुदिना, साखरेचा पाक. जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरने १८६२ मध्येच लिहून ठेवलंय की स्मॅश म्हणजे छोट्या मापाचा ज्युलेप. आज आपण ज्याला स्मॅश म्हणतो त्यात लिंबूही रगडतात. ते रूढ केलं न्यूयॉर्कच्या डेल डिग्रॉफनं, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडला.

ज्युलेपच्या नावाचं आधी उरकतो. फोनवर हे नाव ऐकून आई हसली होती, आणि ती काही चुकली नव्हती. फारसीत गुलाबपाण्याला ‘गुलाब’, त्याचं अरबीत ‘जुलाब’, म्हणजे गोड औषधी सरबत. तो शब्द युरोपमार्गे अमेरिकेत गेला आणि ज्युलेप झाला. आपल्याकडे आला तो औषधाच्या कोणत्या गुणामुळे, ते सांगायला नको. मराठी पाहुण्यांसमोर उच्चार जपून करावा.

आता चव. जमलेल्या ज्युलेपला तोड नाही, हे मी आधीच कबूल करतो. धातूच्या पेल्यात आठ-दहा पानं, पंधराएक मिली पाक, हलक्या हातानं दाबायचं. पानं फाटली की कडवटपणा उतरतो, म्हणून चटणी करायची नाही. वर साठ मिली बर्बन, शक्यतो पन्नास टक्के अल्कोहोलचं, कारण पुढे पाणी भरपूर होणार आहे. मग काठाच्या वर डोंगर येईपर्यंत बर्फाचा चुरा. थोडं ढवळलं की पेल्यावर पांढरं दव गोठतं आणि तो काठाशीच धरावा लागतो. पुदिन्याचा शेंडा तळहातावर ठेवून एक टाळी वाजवायची आणि आखूड स्ट्रॉच्या शेजारी खोचायचा, म्हणजे प्रत्येक घोटाला नाक पुदिन्यात जातं. पहिला घोट कडक, दहाव्या मिनिटाला सुरेख, विसाव्याला जरा पाणचट. मोठ्या माणसांचा बर्फाचा गोळाच म्हणा ना.

आणि गोळ्याला लागतो तसाच बर्फ लागतो. माझं घोडं तिथेच अडलं.

पहिल्या वर्षी डर्बीच्या, म्हणजे इथल्या प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, मेच्या पहिल्या शनिवारी, सहा जणांना बोलावलं. फ्रीजमधले बर्फाचे तुकडे पंच्यात बांधले, ओट्यावर ठेवले आणि लाटण्यानं बडवायला घेतले. एका पेल्याला माझ्या अंदाजानं दोन ट्रे जातात. तिसऱ्या पेल्यापर्यंत पंचा भिजून बर्फाला चिकटला, त्याची सुतं ज्युलेपमध्ये तरंगायला लागली, आणि पहिला पेला घेणाऱ्याचा बर्फ निम्मा विरघळला तरी सहाव्याचा फुटायचाच होता. इथल्या लाकडी बांधणीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर खुर्ची सरकवली तरी खाली कळतं. दार वाजलं. खालच्या आजी उभ्या होत्या. म्हणाल्या, “भिंतीवर काही टांगताय का?” त्यांना आत बोलावलं, ज्युलेप पुढे केला. त्यांनी अदबीनं नाही म्हटलं. त्या बर्बन नुसत्या पाण्यातून घेतात. शर्यत दोन मिनिटांची असते. मी ती स्वयंपाकघरातून ऐकली.

आधी फोडून ठेवावा, तर फ्रीजरमध्ये चुऱ्याचा रात्रीतून धोंडा होतो. मिक्सरमध्ये फिरवला तर वर खडे आणि खाली पाणी. पुढच्या वर्षी लुईस बॅग आणली. ही जाड कॅनव्हासची पिशवी, सोबत लाकडी हातोडा. वितळलेलं पाणी कॅनव्हास पिऊन घेतो, त्यामुळे चुरा कोरडा निघतो. पिशवी खरोखर चांगली आहे. पण आवाज तोच, आणि दर पेल्याला नव्यानं बडवणंही तेच. चर्चिल डाउन्सवर, म्हणजे शर्यतीच्या मैदानावर, डर्बीच्या दोन दिवसांत सुमारे १,२०,००० ज्युलेप जातात म्हणे, पण तिथे बहुतेक सगळे तयार बाटलीतून ओततात आणि बर्फ यंत्राचा असतो. घरी यंत्र म्हणजे आपणच.

स्मॅशला फ्रीजमधले साधे चौकोनी तुकडे चालतात. अर्ध्या पिवळ्या लिंबाच्या फोडी, वीसेक मिली पाक, आठ पानं. शेकरच्या तळाशी लिंबू बेलाशक रगडायचं, पानं मात्र शेवटी दोन दाबांपुरती. साठ मिली बर्बन, बर्फ, दहा-पंधरा सेकंद दणकून हलवायचं आणि ताज्या बर्फावर गाळायचं. लिंबाच्या सालीतलं तेल बर्बनच्या व्हॅनिलासारख्या वासाशी असं जुळतं की साखर कमी वाटत नाही आणि दारू जास्त वाटत नाही. (हा दुसरा मुद्दा धोक्याचा आहे, हे यजमानानं लक्षात ठेवावं.) पुण्यात केलात तर कागदी लिंबू सालीसकट रगडू नका, तसं एकदा करून मी काढा प्यायलोय. वीस मिली रस पिळा, बस्स.

यातही कटकट आहेच, नाही असं नाही. हिरवा चुरा दातात अडकू नये म्हणून शेकरच्या जाळीखाली चहाची गाळणी धरावी लागते, आणि ती दर दोन पेल्यांनी तुंबते. शेकर चिकट होतो. पण गाळणी नळाखाली धरली की काम झालं, खालून कोणी वर येत नाही. एका शेकरमध्ये दोन पेले निघतात, म्हणजे सहा जणांना तीन खेपा, आणि मी बाहेर येऊन बसतो.

आपल्या लोकांबद्दल एक निरीक्षण, माझ्या घरापुरतं. लिंबू-सरबतावर वाढलेल्या जिभेला ज्युलेप गोड आणि थोडा एकसुरी वाटतो. “लिंबू नाही का रे?” हे मी किमान चारदा ऐकलंय. स्मॅशवर कोणी काही बोलत नाही, पेला पुढे करतात.

तेव्हा तुमच्या फ्रीजच्या दारातून चुरा पडत असेल, किंवा तुम्ही एकटेच संध्याकाळी गॅलरीत बसणार असाल, तर ज्युलेप जरूर करा. माझं ऐकू नका. मीही वर्षातून एकदा, घरात कोणी नसताना करतो, तेही दिवसाउजेडी. बाकी घरात पाहुणे आणि खाली शेजारी असतील तर लिंबं आणून ठेवा.

लुईस बॅग कोणाला हवी असेल तर देईन म्हणतो, फक्त दोन दिवस थांबावं लागेल. सध्या तिच्यात मटकी मोडाला घातली आहे.