रिकव्हरी.सिग्नल की स्टँडबाय.सिग्नल?

शुक्रवारी दुपारी, अंधेरीच्या ऑफिसात, कुणीतरी पोस्टग्रेस डेटाबेसवर 'व्हेअर' (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) न लावता अपडेट चालवला. सगळ्या ऑर्डरी 'रद्द'. आम्ही रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवला आणि घाईत रेप्लिकाच्या (मूळ सर्व्हरच्या चालत्या प्रतीच्या) चेकलिस्टमधून उचलून स्टँडबाय.सिग्नल ही फाइल डेटा फोल्डरमध्ये ठेवली. पोस्टग्रेसने सगळी वॉल (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) इमानेइतबारे लावली, त्यात तो चुकीचा अपडेटसुद्धा, आणि पुढच्या वॉलची वाट बघत बसला. रीड-ओन्ली.

दोन्ही फाइली रिकाम्या असतात, मोड ठरतो फक्त नावावरून. १२व्या आवृत्तीच्या आधी हे काम रिकव्हरी.कॉन्फ करायची, आता ती डेटा फोल्डरमध्ये दिसली तर सर्व्हर सुरूच होत नाही.

रेप्लिका उभी करायची तर स्टँडबाय.सिग्नल. पीजी_बेसबॅकअप या बॅकअप घेणाऱ्या कमांडला -आर दिलं की ती आपोआप बनते. प्रमोट करेपर्यंत (स्वतंत्र मुख्य सर्व्हर बनवेपर्यंत) सर्व्हर प्रायमरीच्या, म्हणजे मूळ सर्व्हरच्या, मागे चालत राहतो.

कुणाच्या चुकीच्या आधीच्या क्षणाला परतायचं असेल तर रिकव्हरी.सिग्नल, सोबत रिस्टोअर_कमांड (साठवलेली वॉल आणणारी कमांड) आणि रिकव्हरी_टार्गेट_टाइम (कुठल्या वेळेपर्यंत लावायची ते). वेळ दिलीच नाही, तर अर्काइव्हमधली (साठवून ठेवलेली) वॉल संपेपर्यंत लावून सर्व्हर नव्या टाइमलाइनवर (इतिहासाच्या नव्या शाखेवर) उघडतो. म्हणजे चूक तशीच. वेळेपुढे 'आयएसटी' लिहू नका, पोस्टग्रेसच्या मूळ यादीत ते इस्रायलचं आहे! सरळ +०५:३० लिहा. त्या वेळेला पोचल्यावर सर्व्हर थांबतो (हे डीफॉल्ट आहे), तेव्हा टेबलं उघडून बघा. बरोबर असेल तर पीजी_वॉल_रिप्ले_रिझ्यूम चालवा, रिकव्हरी संपते. कमी पडलं असेल तर सर्व्हर बंद करून वेळ पुढची द्या. मागे मात्र जाता येत नाही, बॅकअप पुन्हा चढवावा लागतो. म्हणून मी पहिली वेळ नेहमी चुकीच्या दोन मिनिटं आधीचीच देतो.

दोन्ही फाइली ठेवल्या तर स्टँडबाय जिंकते.

एकही ठेवली नाही तर? सर्व्हर फक्त पीजी_वॉल फोल्डरमध्ये बघतो. हवी ती वॉल तिथे नसेल तर एररखालच्या सूचनेत बॅकअप_लेबल (वॉल कुठून लावायची ते सांगणारी बॅकअपमधली फाइल) काढून टाकण्याचाही पर्याय असतो. तो बॅकअपवरून उभ्या केलेल्या सर्व्हरसाठी नाही. लेबल काढलंत तर कुठून सुरुवात करायची हेच सर्व्हरला चुकीचं कळेल, तो कदाचित सुरूही होईल, आणि आतला डेटा बिघडलेला असेल.

त्या दिवशी आम्ही बॅकअप पुन्हा चढवला, या वेळी रिकव्हरी.सिग्नलने. ऑर्डरी परत आल्या तेव्हा चर्चगेट लोकलची गर्दी ओसरली होती.