काळ्या गाडीवरची ओरखड्यांची जाळी हाताने झाकायची तर काय घ्यावं: ग्लेझ, क्लीनर वॅक्स की कंपाउंड?

काळ्या, गडद निळ्या किंवा गडद करड्या गाडीवर उन्हात दिसणारी बारीक रेषांची जाळी मशीनशिवाय कमी करायची असेल तर तीन प्रकारच्या वस्तू मिळतात: ग्लेझ, क्लीनर वॅक्स आणि कंपाउंड. बाटल्यांवरचे दावे जवळपास सारखे, काम मात्र तिघांचं वेगळं. ग्लेझ ओरखडा भरतं. कंपाउंड ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) घासून खाली आणतं. क्लीनर वॅक्स दोन्ही थोडं थोडं करतं आणि वर मेणाचा थर सोडून जातं. ठाणे किंवा नवी मुंबईत रोज चालणाऱ्या, सोसायटीत उभ्या राहणाऱ्या गाडीला आमचं मत क्लीनर वॅक्सला. बाकीच्या दोघांची गरज कुठे लागते आणि कुठे ते पैसे वाया घालवतात, ते पुढे येईलच.

आधी ओरखडा किती खोल आहे ते बघा

गाडी धुऊन सुकवा आणि ओरखड्यावर पाण्याचं बोट फिरवा. ओलं असताना ओरखडा गायब झाला आणि सुकल्यावर परत दिसला, तर तो क्लिअर कोटच्या वरच्या भागात आहे. पाणी त्या खाचेत शिरलं की प्रकाश विखुरणं कमी होतं. ग्लेझमधलं तेलही हेच करतं, फक्त पाण्यासारखं उडून जात नाही. म्हणजे ही चाचणी ग्लेझचा फुकटचा नमुना आहे. ओला असतानाही पांढरा दिसणारा, किंवा नख अडकणारा ओरखडा या तिन्हींच्या आवाक्याबाहेरचा. त्यावर कंपाउंड रगडत बसू नका. क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या निम्म्या जाडीचा असतो. नख अडकेल एवढी खाच सपाट होईपर्यंत त्यातला बराचसा संपतो आणि उन्हापासून रंगाला वाचवणारं तेच आवरण असतं.

दिव्याभोवती गोल गोल फिरलेल्या दिसतात त्या रेषा खरं तर गोल नसतात. ओरखडे सगळ्या दिशांना असतात. त्यातले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात आणि डोळ्याला वर्तुळ दिसतं. स्टिल्ट पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली हे कळत नाही. मोबाइलचा टॉर्च एक-दीड फुटावरून तिरका धरून बघा. सपाट काळ्यावर सगळंच उघडं पडतं. मेटॅलिक काळ्यात रंगातले चमकीचे कण थोडं झाकून घेतात, त्यामुळे तिथे हलक्या उपायानेही भागतं.

धुण्याचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा

घोडबंदर रोडला बांधकामांची सिमेंटमिश्रित धूळ, ठाणे-बेलापूर रस्त्याला ट्रकची आणि खडीची. आपल्याकडचा दगड बेसाल्ट. त्याची पूड क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कडक. सकाळी सहाला गाडी पुसणारे दादा एका बादलीत, एका फडक्याने, ओळीने आठ-दहा गाड्या पुसतात तेव्हा ही पूड रोज काचकागदासारखी फिरते. जाळी येते ती इथून. त्यात दादांचा दोष नाही. एका गाडीला दोन बादल्या पाणी नेण्याइतका वेळही त्यांना मिळत नाही आणि पैसेही.

म्हणून कुठलीही बाटली उघडण्याआधी: पाइपने किंवा मगाने भरपूर पाणी ओतून सुटी धूळ वाहू द्या. मग दहा-दहा लिटरच्या दोन बादल्या, एकीत शॅम्पू आणि दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा वरून खाली चालवा आणि प्रत्येक पॅनलनंतर साध्या पाण्यात खळबळून घ्या. भांड्यांचा साबण नेहमीच्या धुण्याला नको, पण जुनं मेण काढायचं असेल तेव्हा एकदा चालतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर पॅनलवर सुकू देऊ नका. क्षारांचे पांढरे ठिपके काळ्यावर ओरखड्यांपेक्षा वाईट दिसतात.

धुतल्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, लागेल. रबाळे, महापे, तुर्भे अशा कारखान्यांच्या भागात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना ती हमखास लागते. 50 ग्रॅमची वडी पुरते. शॅम्पूच्या पाण्याचा भरपूर फवारा मारून, जोर न लावता सरळ रेषेत चालवा, मळली की घडी घालून आतली बाजू घ्या. खाली पडलेला तुकडा टाकून द्यायचा, धुवून परत वापरायचा नाही. आणि एक लक्षात असू द्या: मऊ क्लिअर कोटवर क्ले स्वतःच बारीक रेषा सोडते. त्यामुळे क्ले केल्यावर नुसतं मेण लावून थांबता येत नाही.

ग्लेझ: आजच्या आज चमक

ग्लेझमध्ये तेलं आणि अतिसूक्ष्म भरणी असते, काहींत नावापुरतं घासद्रव्य. भिंतीच्या भेगेत पुट्टी भरावी तसं ते खाचेत बसतं. मेग्वायर्सचं शो कार ग्लेझ हे या जातीतलं जुनं नाव, त्यात घासद्रव्य नाहीच. काळ्यावर त्याने येणारा ओला, खोल रंग बाकी दोन्हींना जमत नाही, हे मान्य करावं लागेल.

मोठ्या गाडीला 30-40 मिली पुरतं. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढं घ्या, दीड फूट बाय दीड फुटाचा तुकडा धरा, हलक्या हाताने तीन-चार फेऱ्या मारा आणि वाळून कडक व्हायच्या आत पुसा. हीच पायरी लोकांना नडते. मे महिन्यात उन्हातून आलेल्या काळ्या बॉनेटवर ग्लेझ लावलं की मिनिटात सुकतं, मग पुसताना रगडावं लागतं, आणि रगडल्याने नवीन रेषा येतात. पॅनलवर तळहात आरामात टेकत असेल तरच सुरू करा. सुकलंच तर त्याच ग्लेझचा एक थेंब वर लावा, जुना थर सुटतो.

टिकाऊपणा मात्र दोन-चार आठवडे, तेही कोरड्या दिवसांत. जुलैच्या पावसात रोज भिजणाऱ्या गाडीवर दोन धुण्यांत जाळी परत डोकं काढते. वर कार्नोबा (एका पामच्या पानांचं) मेण लावलं तर थोडं वाढतं. ग्लेझवर सिंथेटिक सीलंट (मेणाऐवजी लावायचा कृत्रिम संरक्षक थर) किंवा सिरॅमिक कोटिंग लावू नका; तेलकट पृष्ठभागावर ते धरत नाहीत.

लग्नाला गाडी काढायची, फोटो काढायचे, गाडी विकायची, अशा वेळी ग्लेझ उत्तम. त्याची उलटी बाजू जुनी गाडी घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. काळी गाडी फारच आरशासारखी दिसत असेल तर मालकाच्या परवानगीने एका कोपऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा. मेडिकलमध्ये मिळणारं 70 टक्क्यांचं, तेवढंच पाणी घालून. भरणी निघून जाते आणि खरा रंग दिसतो.

क्लीनर वॅक्स: रोजच्या गाडीचा उपाय

याला ऑल-इन-वनही म्हणतात. सौम्य घासद्रव्य, भरणी आणि वरचं संरक्षण एकाच बाटलीत. ऑटोग्लिमचं सुपर रेझिन पॉलिश याच वळणाचं आणि हाताने वापरण्यासाठी नावाजलेलं. त्याच्यावर मेणाचा किंवा सीलंटचा वेगळा थर दिलात तर जास्त टिकतं. टर्टल वॅक्स आणि इतरांचीही असतात. बाटलीवर 'क्लीनर' किंवा 'पॉलिश आणि वॅक्स' असं लिहिलंय ना, ते बघा. नुसतं 'वॅक्स' लिहिलेल्यात ओरखडा कमी करणारं फारसं काही नसतं.

सगळ्यात उथळ रेषा, क्लेने आलेला धूसरपणा आणि मेलेला थर यातून खरोखर निघतो. मधल्या रेषा भरल्या जातात. खोल तशाच राहतात, फक्त कडा मवाळ होतात. टॉर्चखाली जाळी निम्म्याने कमी वाटली तर काम चांगलं झालं असं समजा. त्यापेक्षा जास्त आशा हाताकडून ठेवू नये.

हात गोल फिरवू नका. गाडीच्या लांबीला समांतर सरळ रेषेत चालवा, मग त्याला आडव्या. चुकून रेषा राहिल्याच तर सरळ रेषा एकाच कोनातून दिसतात, गोल सगळीकडून दिसतात. मध्यम दाब, एका तुकड्यावर वीसेक फेऱ्या. मग पातळ धुकं पसरल्यासारखा थर दिसेपर्यंत थांबा. बोटाने पुसून बघितल्यावर खाली स्वच्छ चमक दिसली तर तयार. तेलकट ओढला तर अजून दोन मिनिटं. पावसाळ्यातल्या दमट हवेत हा थर सुकायला फार वेळ घेतो आणि पुसल्यावर तासाभराने परत ओशट पट्टे उमटतात. जास्त जाड थर लावल्यानेही हेच होतं. उपाय एकच: कमी लावा, दोन स्वच्छ फडकी ठेवा, एकाने काढा, दुसऱ्याने चमकवा. फडकं 300-400 जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) मायक्रोफायबर, चार घड्यांचं. कडेचं शिवलेलं लेबल आधी कापून टाका, काळ्यावर तेही ओरखडतं.

दारांच्या काळ्या प्लास्टिकवर आणि रबरावर सांडलं तर पांढरे डाग पक्के बसतात. पाच मिनिटं मास्किंग टेपला द्या. संपूर्ण हॅचबॅकला, धुणं धरून, अर्धा दिवस जातो. माल 40-60 मिली. मेणाचा परिणाम दोन-तीन महिने.

वेळ निवडायची असेल तर पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या आधी. आणि पूजेच्या वेळी बॉनेटवर झेंडूचा हार घालाल तो तारेत ओवलेला नको. गाडी चालू लागली की त्या तारेचं टोक जे करतं ते कुठल्याच बाटलीत भरून निघत नाही.

कंपाउंड: छोट्या जागेसाठीच

ओरखडा खरोखर काढतं ते हेच. पण हात मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या मारतो, डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशिंग मशीन काही हजार. संपूर्ण गाडी हाताने कंपाउंड करायला निघालेले लोक साधारण बॉनेटच्या मध्यावर थांबतात, आणि मग अर्धं बॉनेट वेगळं दिसतं.

दारांच्या हँडलमागे नखांनी पडलेली जाळी, डिकीच्या काठावर सामान घासल्याच्या खुणा, पेट्रोलच्या झाकणाभोवतीच्या रेषा: अशा तळहाताएवढ्या जागांना कंपाउंड घ्या. मशीन तसंही हँडलमागे शिरत नाही. घेताना 'हाताने वापरता येईल' हे वाचून घ्या. काही कंपाउंडमधले कण मशीनच्या वेगाने फुटून बारीक होतील अशा बेताने बनवलेले असतात. हाताखाली ते फुटत नाहीत, जाडेच राहतात आणि पॅनल धुरकट करून ठेवतात. मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड हाताला चालतं. गॅरेजमध्ये डब्यातून मिळणारं जाडं रबिंग कंपाउंड काळ्यावर मुळीच नको.

घट्ट फोम पॅड, वाटाण्याएवढा माल, पक्का दाब, तीस-चाळीस सेकंद, पुसा, टॉर्चखाली बघा. दोन-तीन वेळा. त्यातही आधी एका न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघा. क्लिअर कोट मऊ असेल तर पहिल्याच वेळी रेषा निघतील, पण कंपाउंड स्वतःचा धूसरपणा सोडेल; कडक असेल तर हात दुखेल आणि फरक दिसणार नाही. धूसरपणा घालवायला मऊ पॅडवर फिनिशिंग पॉलिश किंवा वरचंच क्लीनर वॅक्स लागतं. काळ्यावर ही दुसरी पायरी सोडता येत नाही, पांढऱ्यावर एखाद्या वेळी खपून जातं. पॅनलच्या कडा आणि बॉनेटवरच्या उठावाच्या रेषा इथे कोट पातळ असतो, तिथून बोटभर लांब राहा. मॅट रंगावर कंपाउंड किंवा क्लीनर वॅक्स, दोन्ही वर्ज्य.

बाकीचे

रंगीत काळं मेण: रंगद्रव्यामुळे एखादी पांढुरकी खाच दबते, पण जाळीला साध्या क्लीनर वॅक्सपेक्षा फार फरक पडत नाही, आणि हात, कपडे, शेजारचं फिकं प्लास्टिक रंगतं. सिरॅमिक स्प्रे पाणी घसरवतो, ओरखडा झाकत नाही. पक्कं सिरॅमिक कोटिंग करून घ्यायचं मनात असेल तर आता ग्लेझवर किंवा क्लीनर वॅक्सवर पैसे घालू नका. ते आधी उतरवावंच लागेल, आणि खालची जाळी मशीनने न काढता कोटिंग केलंत तर ती कोटिंगखाली तशीच राहील. सगळ्याच पॅनलवर दाट जाळी आणि गाडी अजून पाच वर्षं ठेवायची, अशा वेळीही डिटेलिंगवाल्याकडून एकदा मशीन पॉलिश करून घेणं हिशेबात बसतं. त्याला क्लिअर कोटची जाडी मोजायचं यंत्र आहे का, ते आधी विचारा.

काहीही निवडलंत तरी गाडी पुसणाऱ्या दादांशी बोलून घ्या. पैसे पूर्ण द्या, पण काचा, टायर आणि आतली सफाई एवढंच करायला सांगा; बॉडीला फडकं नको. रोजची धूळ तशीच बसू द्या, चालू गाडीवरची कोरडी धूळ काही बिघडवत नाही. आठवड्यातून एकदा दोन बादल्यांनी धुवा. पाणी कपातीच्या दिवसांत तेही जमत नसेल तर रिन्सलेस वॉश (नंतर पाण्याने धुवावं न लागणारं द्रावण) एका बादलीत भागतो: बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पातळ करा, पॅनलवर आधी फवारा, दोन मिनिटं थांबा, मग भिजलेलं फडकं एकाच दिशेने ओढा आणि प्रत्येक ओढीला फडक्याची नवी बाजू घ्या. एका गाडीला सहा ते आठ फडकी लागतील. ती घरच्या कपड्यांत धुवायची नाहीत, आणि फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबात नाही. त्याने धाग्यांवर थर बसतो आणि फडकं पाणी शोषायचं सोडून नुसतं पसरवत राहतं.