सही करताना तिसरं पान वाचलं नाही

२०२१ मध्ये मला गोवा विद्यापीठाची पीएचडी मिळाली. विषय होता गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली धालो गीतं, म्हणजे पौषातल्या रात्री बायका जमून नाचत गातात ती गाणी. त्यासाठी चार वर्षं दर पौषात मी रात्र रात्र मांडावर, म्हणजे धालो होतात त्या अंगणात, बसले. एकसष्ट बायकांनी मला गाणी दिली. प्रबंधाच्या शेवटच्या परिशिष्टात त्या सगळ्यांची नावं, गाव आणि वय मी स्वतः टाइप केलं होतं.

प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांचे प्रबंध सर्वांना वाचता येतात त्या संकेतस्थळावर, चढला आणि दोनेक महिन्यांत एक ईमेल आला. तुमचं संशोधन आंतरराष्ट्रीय दर्जाचं आहे, आम्ही त्याचं पुस्तक करतो. नंतर फोनही आला. बोलणारी बाई अतिशय अदबीने ‘मॅडम, मॅडम’ करत होती. प्राध्यापक भरतीच्या २०१८ च्या नियमांत आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडच्या पुस्तकाला १२ गुण आहेत आणि राष्ट्रीय प्रकाशकाकडच्या पुस्तकाला १०, हे तिला तोंडपाठ होतं. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते. असे गुण मोजून दाखवणारा माणूस तेव्हा देवासारखा वाटतो.

खर्च साडेबावीस हजार सांगितला. त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, तीन हजार आणि कॉपीराइट नोंदणीचे साडेचार हजार होते. आयएसबीएन दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था फुकट देते, लेखकालासुद्धा. साहित्यकृतीच्या कॉपीराइट नोंदणीचं सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. आणि नोंदणी केली नाही तरी लिहिल्या क्षणापासून हक्क लेखकाचाच असतो. हे सगळं मला नंतर कळलं. माझ्या नावाने नोंदणीचा अर्जसुद्धा कधी गेला नव्हता.

जून २०२२ मध्ये पाच पानी करार आला. मी पहिलं पान वाचलं, रॉयल्टीचे दहा टक्के बघितले आणि शेवटच्या पानावर सही केली. तिसऱ्या पानावर एकच वाक्य होतं: लेखिका या कृतीचे सर्व हक्क प्रकाशकाकडे हस्तांतरित करत आहे.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर परदेशातल्या शहराचं नाव होतं, पण मागचा आयएसबीएन ९७८-९३ पासून सुरू होत होता. त्या ९३ वरून नोंदणी भारतातली आहे हे कळतं. मला कळलं नव्हतं, छाननी समितीला कळलं. १२ गुण मिळालेच नाहीत.

ते एकवेळ मी विसरले असते. पण पौषात मी ते पुस्तक घेऊन सत्तरीत गेले, ज्या आजींनी मला सगळ्यात जास्त गाणी सांगितली होती त्यांच्याकडे. त्यांना वाचता येत नाही. त्यांची नात पानं उलटत राहिली, पुढून मागे, मागून पुढे. मग आजींनीच विचारलं, “बाये, म्हजें नांव खंय गो?” पानं वाचवायला प्रकाशकाने परिशिष्ट काढून टाकलं होतं, मला न विचारता. मी त्या ओसरीवर जितकी शरमले तितकी आयुष्यात कधी शरमले नव्हते.

पुढच्या वर्षी एका नियतकालिकाने माझ्या तिसऱ्या प्रकरणावरचा लेख स्वीकारला आणि हक्कधारकाचं संमतिपत्र मागितलं. हक्कधारक म्हणजे प्रकाशक. माझ्याच वाक्यांसाठी त्याने माझ्याकडे आठ हजार रुपये मागितले. रॉयल्टी म्हणून तोपर्यंत एक रुपयाही आला नव्हता, हिशेबही नाही.

शेवटी मैत्रिणीचा भाऊ, जो पणजीत वकिली करतो, त्याने करार शांतपणे वाचला. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम १९ मी तुम्हा सर्वांना वाचायला सांगते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरतं. माझ्या करारात दोन्ही नव्हतं. शिवाय घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास तो हक्क रद्द होतो. त्यांनी ना ई-पुस्तक काढलं ना भाषांतर, म्हणजे ते हक्क माझ्याकडे परत आले. आणि कलम ५७ प्रमाणे, हक्क दिले तरी कृतीशी नाव जोडलेलं राहण्याचा आणि आपली बदनामी होईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. परिशिष्ट कापल्याबद्दल त्याने याच कलमाखाली नोटीस पाठवली आहे. उत्तर अजून नाही.

प्रबंध नुकताच जमा केलेल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ‘हस्तांतरण’ हा शब्द दिसला की थांबा. एका आवृत्तीच्या छपाईपुरता परवाना द्या, मुदत आकड्यात लिहा, आणि लेख, भाषांतर, ई-पुस्तक हे स्वतःकडे ठेवा. मजकुरातलं काहीही लेखी संमतीशिवाय काढणार नाही, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. नोकरीची घाई मला माहीत आहे. तरीही करार एक रात्र घरी ठेवा आणि दुसऱ्या कुणाला वाचायला द्या.

माझी पाच वर्षं जून २०२७ मध्ये संपतात. तोवर परिशिष्टाच्या झेरॉक्स प्रती काढून मी घरोघरी पोचवते आहे. एकसष्टपैकी चौदा जणी आता नाहीत. त्यांची पानं मी मुलींच्या, सुनांच्या हातात देते.