काडिझ पाहायचे तर सुरुवात तोर्रे ताविरापासून करावी

स्पेनच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील काडिझ हे शहर जवळजवळ सर्व बाजूंनी अटलांटिकने वेढलेले आहे आणि त्याच्या जुन्या भागातील गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की पायी फिरताना शहराचा आकार ध्यानातच येत नाही. आदल्या संध्याकाळी एका संस्थेच्या मार्गदर्शित फेरीत आम्ही दोन तास चाललो, भरपूर ऐकले, पण कोणती जागा कोठे आहे याचा उलगडा झाला नाही. तो झाला दुसऱ्या दिवशी सकाळी, तोर्रे ताविरा या टेहळणी मनोऱ्यात.

१७१७ मध्ये अमेरिकेतील वसाहतींच्या व्यापाराचे नियंत्रण करणारी कचेरी सेव्हिलहून येथे आली आणि शहरात अमाप पैसा आला. आपली गलबते केव्हा दिसतात हे पाहण्यासाठी व्यापाऱ्यांनी घरांच्या गच्च्यांवर मनोरे उभारले, ज्यांपैकी शंभराहून अधिक आजही टिकून आहेत. तोर्रे ताविरा त्यांत सर्वांत उंच जागी असून १७७८ मध्ये तो बंदराचा अधिकृत टेहळणी मनोरा ठरला. पहिला टेहळ्या आंतोनियो ताविरा याचेच नाव त्याला मिळाले.

१९९४ पासून येथे कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे. पूर्ण अंधाऱ्या खोलीत मोठ्या परातीसारखी एक पांढरी, किंचित खोलगट तबकडी असते आणि छतावरील आरसा व भिंग यांतून आलेला प्रकाश तिच्यावर शहराचे चित्र पाडतो. हे चित्र जिवंत असते. एका गच्चीवर वाळत घातलेली चादर वाऱ्याने फुगत होती, तिच्यामागून एक समुद्रपक्षी सरकत गेला, आणि खोलीत मात्र अगदी शांतता. मार्गदर्शक बाई आरसा हळूहळू फिरवत कॅथेड्रलचा पिवळ्या कौलांचा घुमट, बाजार, ला कालेता किनारा असे एकेक ठिकाण दाखवत गेल्या आणि त्यानंतर दिवसभर आम्हाला नकाशा उघडावा लागला नाही. ढगाळ हवेत चित्र मंद दिसते, म्हणून स्वच्छ उन्हाची वेळ निवडावी. जिना चढावा लागतो, हे गुडघेदुखी असणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

तेथून मीना चौकातील संग्रहालयात जावे. पुरुषाची संगमरवरी फिनिशियन शवपेटी १८८७ मध्ये सापडल्यावर तिला जोडीची स्त्रीची पेटीही असेल, असे संग्रहालयाचे एकेकाळचे संचालक पेलायो किंतेरो यांना वाटत असे. ती १९८० मध्ये मिळाली, तीही त्यांच्याच जुन्या घराच्या जागेखाली. ते पाहायला किंतेरो हयात नव्हते. दोन्ही पेट्या आज शेजारी शेजारी ठेवल्या आहेत आणि त्या स्त्रीच्या कुरळ्या केसांपुढे मी बराच वेळ उभी राहिले.

रोमन नाट्यगृह आणि १८१२ ची राज्यघटना जेथे जाहीर झाली ते सान फेलिपे नेरीचे प्रार्थनामंदिर वाटेतच पाहून होते. जेवायला बाजाराच्या आसपास ‘तोर्तियितास दे कामारोनेस’ अवश्य मागवावेत : हरभऱ्याच्या व गव्हाच्या पिठात सालासकट बारीक कोळंबी घालून तळलेले हे पातळ कुरकुरीत वडे आपल्या भज्यांच्या जवळचे वाटतात आणि गरम असतानाच खावे लागतात.

संध्याकाळी ला कालेताच्या धक्क्यावरून मागे वळून पाहिले, तेव्हा सकाळी तबकडीवर पाहिलेले मनोरे मला एकेक करून ओळखता येत होते.