दुर्मीळ इंग्रजी शब्द आणि ऑक्सफर्डचा मोठा ऑनलाइन कोश: पैसे कशाचे, फुकट काय

'डार्कलिंग' हा शब्द इंग्रजी कवितेबाहेर क्वचितच दिसतो. मोफत कोशात शोधला तर 'अंधारात', 'अंधारलेला' एवढ्यावर भागवतात. पण अंधारात कोण आहे, बोलणारा की समोरचं दृश्य, हे त्यातून कळत नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची ऑनलाइन आवृत्ती पारखायची तर असाच शब्द घ्यावा.

या कोशाचं खरं धन व्याख्येत नाही, तिच्याखाली दिलेल्या, लेखकांच्या लेखनातून घेतलेल्या उताऱ्यांत आहे. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकातला विदूषक म्हणतो, मेणबत्ती विझली आणि आपण 'डार्कलिंग' राहिलो. कवी कीट्स 1819 मध्ये 'डार्कलिंग आय लिसन' लिहितो. दोन्हीकडे हे क्रियाविशेषण आहे, म्हणजे काळोखात माणूस स्वतः आहे. मॅथ्यू अर्नोल्डच्या 1867 साली छापलेल्या कवितेत 'डार्कलिंग प्लेन' येतं, तिथे विशेषण होऊन अंधार मैदानावर पसरतो. अनुवादकाला नेमका हाच फरक हवा असतो.

व्युत्पत्तीही वाचाच. शेवटचा प्रत्यय 'इंग' नसून 'लिंग' आहे, 'साइडलिंग' (बाजूने, तिरकं) या शब्दातला. 'डार्कल' हे क्रियापद नंतर या शब्दावरूनच उलट दिशेने तयार झालं. सॅम्युएल जॉन्सनही इथे चकला होता. 1755 च्या कोशात त्याने हा शब्द 'डार्कल'पासून आला असावा असा तर्क केला, पण ते क्रियापद आपल्याला कुठे सापडलं नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवलं. त्यामुळे 'आभाळ अंधारत चाललंय' अशा वाक्यात 'डार्कलिंग' घालू नये. वाचक त्याला 'डार्कनिंग'मधली स्पेलिंगची चूक समजेल.

नोंद वाचायची रीत अशी: आधी शब्दाची जात पाहून योग्य नोंद उघडा. मग 'मीनिंग अँड यूज' या टॅबमध्ये शेवटच्या उताऱ्याचं साल बघा, त्यावरून प्रयोग जिवंत आहे की नाही याचा अंदाज येतो. अर्थाच्या आधी कट्यारीसारखी खूण असेल तर तो अर्थ वापरातून गेलेला आहे. इथे अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावलेले असतात, त्यामुळे पहिला अर्थ सर्वांत जुना असतो, सर्वांत रूढ असेलच असं नाही. विद्यार्थी पहिलाच अर्थ उचलतात आणि फसतात. सालाच्या आधी येणारं लहान 'ए' म्हणजे 'त्याआधी'. शेक्सपिअरच्या 1623 च्या संग्रहातल्या ओळींपुढे 'ए 1616' दिसतं, कारण तो 1616 मध्ये वारला.

तक्रारी आहेतच. 2023 च्या नव्या मांडणीत एकाच शब्दाची माहिती वेगवेगळ्या टॅबमध्ये विखुरली. जुन्या पद्धतीने सलग वाचणाऱ्याला हे जाचतं. तिसऱ्या आवृत्तीचं काम 2000 पासून ऑनलाइन येत आहे आणि सुरुवात 'एम' अक्षरापासून झाली, त्यामुळे कित्येक नोंदींचा गाभा अजून व्हिक्टोरियन काळातलाच आहे. नोंदीच्या इतिहासात 'रिव्हाइज्ड' आणि 'मॉडिफाइड' यांत गल्लत करू नका: दुसऱ्याचा अर्थ किरकोळ दुरुस्ती इतकाच असू शकतो. शब्द आज वापरावा का, याचा सल्लाही हा कोश देत नाही. वारंवारतेचे 1 ते 8 पट्टे आहेत, 8 म्हणजे सर्वांत रूढ. पण ते वापराचं प्रमाण सांगतात, शब्द वाक्यात शोभेल का ते नाही.

वर्गणी मात्र एकट्या वाचकाला जड जाते. ती न भरताही प्रत्येक शब्दाचं माहितीपान उघडतं: किती अर्थ, पहिला वापर कोणत्या काळातला, मूळ कोणतं. व्याख्या आणि उतारे कुलपात राहतात. अशा वेळी पहिल्या आवृत्तीचे स्कॅन केलेले खंड इंटरनेट आर्काइव्हवर मोफत पाहावेत. 'डार्कलिंग'साठी 1897 चा 'डी' आणि 'ई' अक्षरांचा तिसरा खंड काढा. छपाई बारीक आहे, झूम करावंच लागतं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी स्थानिक सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डाचा नंबर टाकून पाहावा, अनेक ग्रंथालयं त्यावर पूर्ण कोश उघडून देतात. भारतातल्या विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करावी.