आर्गपार्स, आठ महिन्यांनंतर: पाच कळा वाचवल्या, नऊ बॅकअप गेले

चुकून खोडलेली एक फाइल बॅकअपमधून काढायला गेलो, तर शेवटची प्रत नऊ दिवसांपूर्वीची. डिस्कला काही झालं नव्हतं, क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) रोज वेळेवर उठत होता, बॅकअप घेणारी माझी पायथन स्क्रिप्टही जागेवर होती. शेवटी क्रॉनमधली ओळ जशीच्या तशी उचलून टर्मिनलवर चालवली, तेव्हा उत्तर मिळालं: --लॉग संदिग्ध आहे, --लॉग-फाइल असू शकतो किंवा --लॉग-लेव्हल.

झालं होतं ते असं. स्क्रिप्टला कमांड लाइनवर दिलेले ऑप्शन वाचते ती पायथनची लायब्ररी म्हणजे आर्गपार्स. त्याला ऑप्शनचं पूर्ण नाव लागत नाही. सुरुवातीची अक्षरं एकाच ऑप्शनला जुळत असतील तर तो समजून घेतो. ही खोड त्याची एकट्याची नाही, सीमध्ये हेच काम करणाऱ्या ग्नूच्या गेटऑप्ट-लाँगमध्ये आहे, गिटमध्येही आहे. माझ्या स्क्रिप्टच्या बॅकअप या सबकमांडला (स्क्रिप्टच्या नावापुढे लिहायचं काम) तेव्हा --लॉग-फाइल हा लॉगचा एकच ऑप्शन होता, म्हणून क्रॉनमध्ये नुसतं --लॉग लिहून पाच कळा वाचवल्या. सात महिने सुरळीत चाललं. मग --लॉग-लेव्हल जोडला, पूर्ण नावं देऊन हाताने तपासला, आणि समाधानाने झोपलो. त्याच रात्रीपासून बॅकअप बंद.

कळलं का नाही, तर स्क्रिप्ट स्वतःच्या लॉगमध्ये सगळं लिहिते म्हणून क्रॉनच्या ओळीतलं आउटपुट आणि एरर दोन्ही मी डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, सोडले होते. हा गाढवपणा माझा, कबूल. पण आर्गपार्स अडतो तो लॉगची फाइल उघडण्याच्याही आधी. स्टँडर्ड एररवर दोन ओळी लिहितो, एक्झिट कोड २ (म्हणजे चूक झाली) देतो आणि जातो. लॉगच्या ऑप्शनवर अडल्यामुळे लॉगच नाही, असा प्रकार.

मुळात आर्गपार्स घेतला तो काटकसरीपोटी. तीनशे ओळींची स्क्रिप्ट, चार सबकमांड, पाच-सहा मशीन. याच कामाची क्लिक ही वेगळी लायब्ररी वापरून पाहिली होती, लिहायला सुखाचं आहे, पण प्रत्येक मशीनवर पॅकेज टाका, त्यासाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजची वेगळी जागा) सांभाळा, हे कोणी सांगितलंय? आर्गपार्स पायथन २.७ आणि ३.२ पासून पायथनसोबतच येतो. फाइल कॉपी केली की काम सुरू. फुकट ते पौष्टिक.

तर, ऑप्शनचे असे संक्षेप बंद करायची सोय पायथन ३.५ पासून आहे. पार्सर (ऑप्शन वाचणारा भाग) बनवताना अलाउ-अब्रेव्ह फॉल्स करायचं. केलं. खात्री म्हणून --लॉग-फा एवढंच देऊन बॅकअप चालवला, तर पठ्ठ्याने मुकाट्याने घेतला! तासभर मला वाटत होतं की मी चुकीची फाइल चालवतोय. मग उलगडलं: ही सेटिंग मुख्य पार्सरपुरतीच असते. प्रत्येक सबकमांडचा पार्सर वेगळा, आणि तो बापाकडून ही शिस्त घेत नाही. सबकमांड जोडणाऱ्या अ‍ॅड-पार्सरच्या प्रत्येक हाकेत ती पुन्हा द्यावी लागते. चार सबकमांड, चार ठिकाणी. पाचवी जोडताना विसरलो की पुन्हा तेच.

या टप्प्यावर लायब्ररी फेकून द्यायच्या तयारीत होतो. एक तारा देणार होतो. पण सोर्स उघडून पाहिला आणि राग निम्मा झाला. सबकमांडचे पार्सर कोणत्या क्लासचे बनवायचे हे सांगितलं नाही, तर आर्गपार्स मुख्य पार्सरचाच क्लास वापरतो. म्हणजे आर्ग्युमेंट-पार्सर या मूळ क्लासवरून एक छोटा सबक्लास केला, त्यात अलाउ-अब्रेव्हचा डिफॉल्ट फॉल्स ठेवला, की सगळी पोरं आपोआप सरळ. चार ओळी. (३.८ च्या आधीचं पायथन असेल तर थांबा. तिथे ही सेटिंग -व्हीक्यू सारखे जोडून लिहिलेले छोटे ऑप्शनही मोडते.)

दुसऱ्याच दिवशी सहकाऱ्याचा निरोप: "तुझी स्क्रिप्ट बिघडली." तो --कॉम्प्रेसऐवजी --कॉम्प लिहीत होता. बिघडली नाही म्हटलं, सुधारली. मात्र त्याची एक तक्रार रास्त होती: आपण सबकमांडचा ऑप्शन चुकवतो आणि एररबरोबर वापराची ओळ छापली जाते मुख्य कमांडची. माझ्याकडच्या पायथन ३.१० वर तरी असंच आहे.

बाकीचं थोडक्यात. मुख्य पार्सरवर आणि सबकमांडवर दोन्हीकडे एकच ऑप्शन, समजा -व्ही, ठेवला तर सबकमांडच्या आधी दिलेला -व्ही गायब होतो, कारण सबकमांडचा डिफॉल्ट त्याच्यावर बसतो. तिथे डिफॉल्ट म्हणून सप्रेस (काहीच बसवू नको) द्या. ऑप्शनचा टाइप म्हणून बूल (ट्रू किंवा फॉल्स) देऊ नका, "फॉल्स" ही रिकामी नसलेली स्ट्रिंग असल्याने ट्रू ठरते. त्यापेक्षा ३.९ मध्ये आलेली बूलियन-ऑप्शनल-अ‍ॅक्शन वापरा, --कॉम्प्रेस आणि --नो-कॉम्प्रेस दोन्ही एका ओळीत मिळतात. सबकमांड न देता चालवली तर आर्गपार्स काही बोलत नाही, पुढे आपलाच कोड फंक्शन सापडलं नाही म्हणून रडतो. सबकमांडसाठी रिक्वायर्ड ट्रू केलं की हे थांबतं, ३.७ पासून थेट देता येतं.

आणि हेल्प! ती मात्र कौतुकाची. मी एक ओळ वेगळी लिहिलेली नाही, तरी सहा महिन्यांनी माझीच स्क्रिप्ट मला --हेल्पमधून कळते.

साडेतीन तारे. अर्धा संक्षेपासाठी कापला, एक त्याची बंदी सबकमांडपर्यंत पोचत नाही यासाठी. क्रॉनमध्ये आता पूर्ण नावं आहेत आणि डेव्ह-नल काढून टाकलंय. ती फाइल मात्र नऊ दिवस जुनीच मिळाली, मधले बदल हाताने पुन्हा केले.